रुसलेली डिस्क

आई गेल्यावर तिचा आवाज एका डिस्कवरच उरला होता. जोडली, तर कॉम्प्युटर विचारतो, “फॉरमॅट करू?” मला वाटलं, नीट मांडू म्हणतोय. तरी कॉम्प्युटरवाल्यांच्या ग्रुपवर विचारलं. एकाने लिहिलं, “हो म्हणा, मोकळ्या व्हा!” मी बाण ‘हो’वर नेला, तोच ग्रुपची जाणती ‘आत्या’ कडाडली, “खबरदार! फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणं. ‘नाही’ दाब.” दाबलं. “डिस्क टकटक करतेय?” “नाही, नुसती घुमतेय.” “मग रुसलीय, मेली नाही. सांगते ते सॉफ्टवेअर चालव, सापडेल ते दुसरीकडे उतरव. हिच्यावर अक्षरही लिहू नकोस.” पडद्यावरची पट्टी गोगलगायीसारखी सरके. “मिळेल ना, आत्या?” “खोटं वचन देत नाही, पोरी. थांब.” शेवटी एकच फाइल निघाली. लावली. खरखर, मग आई: “चालू झालं का गं हे?” “झालं, आई,” मी मोठ्याने म्हणाले, “बोल.”