वास जाईपर्यंत

बाजवा गावातल्या घराच्या अंगणात जयवंतराव लेकाच्या सायकलचं पंक्चर काढत बसले होते. शेजारी बसलेला आशय गेल्याच आठवड्यात नशामुक्ती केंद्रातून घरी आला होता. नववीत पंक्चरचं सोल्युशन रुमालावर ओतून हुंगायचा नाद त्याला लागला होता. आज जयवंतरावांनी सोल्युशनची ट्यूब कुलपातून काढून मुद्दाम त्याच्यापुढे धरली. “तू लाव.” बापाचा विश्वास पोराला दिसायला हवा, असं त्यांना वाटलं. आशयचा हात पुढे आला आणि मध्येच थांबला. “बाबा, अजून नाही जमायचं. तुम्हीच लावा,” एवढं म्हणून तो फाटकाबाहेर जाऊन उभा राहिला. जयवंतरावांना आपली घाई कळली. सोल्युशन लावून, ठिगळ दाबून त्यांनी ट्यूब पुन्हा कुलपात ठेवली. वास पुरता जाईपर्यंत ते पंच्याने वारा घालत राहिले. मग हाक मारली. आशयने येऊन पंप धरला. “हवा मी भरतो.”