कोणाला विचारायचं

शितलने चार चिठ्ठ्या तिसऱ्यांदा ओट्यावर मांडल्या आणि तिसऱ्यांदा चुकली. चिठ्ठ्यांवर होतं क, ख, ४, ७. प्रत्येकीच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम एवढाच, की एका बाजूला क असेल, तर दुसऱ्या बाजूला सम आकडा हवा. नियम पाळलाय का हे बघायला कुठल्या चिठ्ठ्या उलटायच्या? शितल म्हणायची क आणि ४. पुस्तक म्हणायचं क आणि ७. का, ते काही केल्या डोक्यात शिरत नव्हतं.

भाषाशास्त्राच्या अभ्यासातला तर्काचा पेपर परवा, मुंबईला. गणितातल्या संचांचे प्रश्न तिने मजेत सोडवले होते, पण या जर-तरने पार वैताग आणला होता. गेल्या वर्षी याच पेपरात तिची दांडी गुल झाली होती. यंदाही झाली, की भाषाशास्त्राला रामराम. आपल्या वारली बोलीचं व्याकरण लिहायचं राहिलंच मग.

शेजारी जिवलीआजी नवा तांदूळ पाखडत होती. नातीचं तोंड उतरलेलं बघून तिने विचारलं, काय अडलंय. शितलने क-ख सांगून पाहिलं. आजीने सूपसुद्धा थांबवलं नाही. मग शितलला एकदम सुचलं. कसं सुचलं, देव जाणे.

"आजी, आपल्या घरी कणसरीची पूजा झाल्याबिगर नवा तांदूळ खायचा नाय ना?"

धान्याच्या देवीआधी कोण खातं, हे काय विचारणं झालं, अशा नजरेने आजीने बघितलं.

शितलने पाड्यातली चार माणसं घेतली. झिपरूने नवा तांदूळ खाल्लाय. लाहूने खाल्लेला नाही. शुक्रीच्या घरी पूजा झालीय, भिकीच्या घरी व्हायचीय. बाकी काही ठाऊक नाही. नियम कुणी मोडलाय का, हे बघायला कोणाला विचारायचं?

"झिपरूला विचार, पूजा झाली का. आन भिकीला विचार, खाल्ला का," आजी एका दमात म्हणाली. "शुक्रीची पूजा झाली. ती खाईल, नायतर ठेवील. तिला कशाला तरास?"

शितल उडालीच. अरे, शुक्री म्हणजे ४ आणि भिकी म्हणजे ७! अख्खं वर्ष ती उगाच शुक्रीच्या मागे लागली होती. खाणाऱ्यांचा संच पूजा झालेल्यांच्या संचाच्या आत बसला पाहिजे, एवढंच तर होतं. तिने भराभर दहा उदाहरणं सोडवली. दहाच्या दहा बरोबर. आता येऊ दे तो पेपर. तिने आजीला अशी मिठी मारली, की सुपातले तांदूळ सांडले.

आजी दाणे वेचता वेचता थांबली.

"आपली पूजा उद्या आहे," ती म्हणाली. "म्हंजे तुला पन विचारायला पायजे."

शितलही घाईघाईने दाणे वेचू लागली. काल ठकीच्या घरी तिने गरम गरम नवा भात दोनदा मागून खाल्ला होता.

"ठकीकडे पूजा झाली होती," ती पुटपुटली.

"ठकीची झाली. भात तू खाल्ला."

आपल्याच जर-तरने आपण पकडले गेलो, याचा इतका आनंद शितलला जन्मात झाला नव्हता.