सायीतला आवाज

मिरेयने पिपाचं बूच काढलं. तळघरात अक्रोडासारखा वास पसरला. वाइनवर धरलेल्या यीस्टच्या सायीत तिने ग्रामोफोनची सुई सोडली आणि तिच्या वारलेल्या वडिलांचा आवाज बोलू लागला.

"राणी, तुझ्याशी बोलल्याशिवाय मला झोप येत नाही."

स्टुलावर बसलेली तिची आई ओदील ताडकन उठली. "मला कधी राणी म्हणाले नाहीत तुझे बाबा! कोण ही?"

"अगं आई, ते या पिपाशी बोलायचे. आपल्या ज्युरा भागातल्या सावान्यां जातीच्या द्राक्षांची वाइन सहा वर्षं तीन महिने हलवत नाहीत ना, तेवढ्या काळात बोललेलं सगळं सायीत साठतं. पुढचं ऐक."

"ओदीलला आज निळा झगा फार शोभत होता," आवाज म्हणाला. "तिला सांगायला जीभ रेटत नाही, म्हणून तुला सांगतो."

ओदीलचे डोळे भरले, पण राग आणखीच चढला. "माझं कौतुक, आणि हिने सहा वर्षं पोटात ठेवलं! मेली सवत!"

"बाटल्या भरू या? साय मोडली की आवाज जाईल."

"भरायच्या नाहीत. बूच लाव."

"आणखी सहा वर्षं? तू नव्वदीची होशील!"

ओदीलने स्टूल पिपाजवळ ओढलं.

"तू वर जा. आता हिला माझं ऐकू दे."