बोकडाच्या खुराचा पाय

निम्मा डोंगर चढून झाला तरी गोमाचा पाय एकदाही घसरला नव्हता. याचीच त्याला धास्ती वाटत होती.

पुढे त्याची आई चालली होती, बायडी. तिच्या हातात दोरी आणि दोरीला बोकड. वर जायची घाई बोकडालाच जास्त, तोच म्हातारीला ओढत होता. मागून गोमाची भाची वर्षाली मोबाइल रोखून शूटिंग करत येत होती आणि तिच्या मागे वांगणीतली पंधरा-वीस माणसं. माथ्यावर वाघदेवापाशी मंगळू भगत शेंदूर, नारळ आणि कोयता मांडून बसला होता.

दोन वर्षांपूर्वी ठाण्याकडे बांधकामावर स्लॅबखालचं सेंट्रिंग कोसळलं आणि गोमाचा डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. त्याला सडकेपासून झोळीतून घरी आणलं, त्याच आठवड्यात शेळी व्याली. बायडीने ते ओलं करडू उचललं, डोंगराकडे तोंड केलं आणि म्हणाली, "माझा पोऱ्या आपल्या पायांनी तुझ्यापर्यंत आला, तं हाच बोकड तुला." नवस बोलून ती मोकळी झाली. गोमा मात्र त्या दिवसापासून करडाच्या डोळ्याला डोळा देत नसे.

जव्हारच्या शिबिरात त्याला रबरी पाय मिळाला. सडकेवर तो बरा चालायचा, चढावर साबणासारखा निसटायचा. आणि वांगणीत सडक आहेच कुठे? दिवाळीनंतर गाव जगायला, मजुरीला बाहेर गेलं की मागे म्हातारी माणसं, गोमा आणि ते करडू एवढेच उरत. बसून बसून त्याला वेड लागायची पाळी आली. करडू ओल्या कातळावर सरळ उभं चढायचं, आणि हा खालून त्याच्या खुरांकडे बघत राहायचा. चिडून, हेव्याने, आणि मग नुसताच बघत.

वर्षाली इंजिनिअरिंगच्या डिप्लोमाला होती. सुट्टीत आली तेव्हा तिने विचारलं, "मामा, त्याचा पाय कसा सरकत नाय?" गोमाने बोकड मांडीवर उलटा धरून तिला दाखवलं. खूर दोन फाकांचा. कड कठीण, ती दगडाला धरते. आतली गादी मऊ, ती कातळाला चिकटते. अंगाचं वजन पडलं की फाका जरा पसरतात. वर्षालीने रबरी पायाला तसाच तळवा केला. कडेला टायरचा जाड तुकडा, आत ट्यूबचं मऊ रबर, पुढून मधोमध चीर. चार तळवे फुकट गेले, पाचवा टिकला. कॉलेजच्या स्पर्धेत तो मांडायचा तर मामा व्हिडिओत डोंगर चढताना दिसायला हवा होता, आणि मुदत चार दिवसांवर आली होती.

पाचवा तळवा बसल्यापासून गोमा रोज पहाटे ओढ्याकाठची दरड चढत होता. बोकड पुढे, हा मागे. घरात त्याने कुणाला पत्ता लागू दिला नाही. एकदा बायडी पाण्याला गेली, तर चिखलात बोकडाच्या खुराशेजारी तिला भलामोठा दुसरा खूर उमटलेला दिसला. "बोकड वाढलाय," एवढंच ती घरी येऊन म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "देवाला आता किती दिस थांबवायचा?"

शेवटचा चढ सगळा उघड्या कातळाचा होता. इथे बोकड थांबला, मागे वळला आणि गोमा येतोय का ते बघू लागला. दरडीवर रोज बघायचा तसाच. गोमाच्या मनात आलं, ज्याने आपल्याला चालायला शिकवलं, त्याला आपण त्याच चालीने कोयत्यापाशी नेतोय. दहा पावलं उरली होती. गोमा मटकन खाली बसला.

"काय झाला?" मंगळू भगत वरून ओरडला.

"पाय धरत नाय," गोमा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

माणसं हळहळली. टायरचाच पाय तो, किती चालणार, असंही कुणीतरी बोलून घेतलं. वर्षाली धावत आली. तिने तळवा चाचपला. कडा शाबूत, चीर शाबूत, कातळावर घसरल्याची एक रेघ नाही.

"मामा, कुठं चुकला माझा?" तिचा आवाज रडवेला झाला होता.

"काय नाय चुकला," गोमा पुटपुटला. "उद्या समोरचा डोंगर चढून दाखवतो. तो याच्याहून उंच हाय. त्याच्यावर देव नाय."

वर्षालीने बोकडाकडे पाहिलं आणि मोबाइल बंद केला.

तेवढ्यात बायडी बोकडाला घेऊन कातळ उतरून आली. गोमाने मान खाली घातली. दोन वर्षं म्हातारीने हा नवस डोक्यावर वागवला होता, रोज या डोंगराला हात जोडले होते. आता तिला काय सांगायचं? तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याच्या पायाकडे पाहिलं, आणि वळून भगताला हाक दिली.

"पोऱ्या पोचला नाय, भगत. मंग बोकड कसा देऊ? आज नारळच फोड."

मग ती खाली वाकली. बोकडाची दोरी गोमाच्या मुठीत दिली, त्याला उठवायला हात धरला आणि कानाशी लागून म्हणाली, "उतरताना तरी नीट लंगडत उतर. लोकं बघतात."