पाऊण इंच

बायकोची पाठ सरळ दिसण्यात शिंप्याचा फायदाच होता. तिच्या अंगावरचा कुडता म्हणजे त्याच्या दुकानाची चालती पाटी. ती बाजारात एक फेरी मारून आली की दोन तरी गिऱ्हाइकं मागोमाग पत्ता विचारत यायची. पाठीवर एक सुरकुती म्हणून नाही, असं बायका म्हणायच्या, आणि तो मान वर न करता, मशीन जरा हळू चालवत सगळं ऐकून घ्यायचा.

तोच कुडता आता नर्स कात्रीनं कापत होती. सकाळी पलंगावरून उठताना बायकोचे पाय तिचं ऐकेनासे झाले होते. डोक्यातून काढायला गेलं तर कणा हलेल, म्हणून कापायचा. पाठीमागची शिवण सुटली तशी आतून कापसाची एक पातळ गादी बाहेर आली. पाठीवर दोन खांद्यांच्या मधोमध उंचवटा होता, तो झाकायला त्याच्या दोन्ही अंगांना नीट टाचलेली.

डॉक्टरीणबाईंनी ती चिमटीत धरली आणि पाठ कधीपासून वर आली ते विचारलं.

"परवापासून," बायको घाईनं म्हणाली. "परवापर्यंत काही नव्हतं हो." नवऱ्याच्या कामाला तिनं आजवर कुणाला नाव ठेवू दिलं नव्हतं.

"तुम्ही सांगा," बाई शिंप्याकडं वळल्या. "नेमकं सांगा. पुढचं सगळं त्यावर आहे."

नेमकं सांगण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. "गेल्या हिवाळ्यात मागचा भाग पाव इंच वाढवला. वर उचलला जात होता. उन्हाळ्यात अर्धा. मग पाऊण, आणि कापूस." त्याचा आवाज खाली आला. "छाती तीन इंच आत घेतली."

संध्याकाळी कणकण, रात्री कळा? बाई विचारत गेल्या, तो मान हलवत गेला. काजं करायला वाकून बसते म्हणून दुखतं, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. शेकही स्वतःच द्यायचा.

मणक्याचा क्षय आहे, बाई म्हणाल्या. पाव इंचाच्या वेळी आणलं असतंत तर गोळ्यांवर भागलं असतं. आता शस्त्रक्रिया करू. पायांचं मात्र वचन देता येणार नाही.

त्यानंतर पाठीला पट्टा लागणार होता, त्याचं माप हवं होतं. फीत सकाळपासून शिंप्याच्या गळ्यातच होती. चौघांनी मिळून तिला ओंडक्यासारखं एकसंध कुशीवर वळवलं.

"या खेपेला आहे तसं घ्या," भिंतीकडं तोंड करून ती म्हणाली.

काखेखाली फीत लागताच ती दरवेळेसारखी शहारली. "गार आहे मेली." आणि थोडं हसलीसुद्धा.

त्यानं छाती लिहिली. फीत खाली सरकवली, कमरेला नीट वेढा दिला, आकडा पाहिला, लिहिला, फीत काढून घेतली.

ती वाट बघत होती.

"थांबलात का?" तिनं विचारलं. "कंबर राहिली ना अजून."