शेवंतीचं बाळंतपण

सारसोळ्याचा धर्मा खाडीपलीकडच्या एका प्रयोगशाळेत माकडांची देखभाल करायचा. चौसष्ट सालातल्या एका सकाळी तिथली शेवंती माकडीण व्याली, आणि अंगाशी आलेलं पिल्लू तिनं दोन्ही हातांनी ढकलून दिलं. पिल्लू पुन्हा येऊन चिकटलं, तिनं पुन्हा ढकललं. धर्माला काही उमजेना. प्रयोगासाठी जन्मल्या दिवसापासून त्यानंच तिला पिंजऱ्यात एकटीला वाढवलं होतं, एक वेळचं दूध चुकवलं नव्हतं.

"साहेब, हिला आपन काय कमी केलं?"

"तिला आई लाभलीच नाही, धर्मा. कुशीत कसं घेतात, तिला ठाऊकच नाही," डॉक्टर म्हणाले.

पाचव्यांदा पिल्लू तिच्या छातीला बिलगलं. शेवंतीचा हात उगारलेलाच राहिला. तो कुठं ठेवावा, हे तिला कळत नव्हतं.

डॉक्टर चक्रावले. "एवढं ढकललं, तरी हे पुन्हा पुन्हा आईकडं जातंच कसं?"

"जन्मली त्या दिशी शेवंतीपन अशीच आईकडं जात व्हती, साहेब," धर्मा हळूच म्हणाला. "आईच्या अंगावरनं तिची बोटं सोडवायला मला अर्धा तास लागला व्हता."