हे तुम्हीच आहात का?

लोणारच्या कॉलेजात संगणक शिकवणाऱ्या धम्मरत्न सरांनी प्राचार्यांना शब्द दिला होता, की तीनशे पोरांचे निकाल एका कमांडमध्ये ज्याच्या त्याच्या मेलवर जातील. बघायला सगळा स्टाफ जमला. सरांनी काळ्या पडद्यावर ऐटीत कमांड टाकली, आणि पासवर्ड नाकारला गेला. तेव्हा त्यांना आठवलं, की खात्याला दुहेरी कुलूप आपणच लावलंय; अशा कामाला वेगळा सोळा अक्षरी पासवर्ड लागतो, आणि तो काढायला आधी आपल्या फोनवर 'हो' दाबावं लागतं. सरांनी तो काढायला खातं उघडलं आणि खिसे चाचपले. फोन नव्हता. पडद्यावर मात्र उत्तर आलं, 'तुमच्या फोनवरून नकार मिळाला.' पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा नकार.

फोन एसटीत पडून कुण्या भामट्याच्या हाती लागलाय, असं त्यांनी जाहीर केलं आणि सायबर चोर काय काय करू शकतो, यावर छोटंसं व्याख्यानही दिलं. मग क्लार्कच्या फोनवरून, स्पीकर लावून, स्वतःचा नंबर फिरवला.

जानेफळहून आईनं उचलला.

"घरीच इसरला तू फोन. दोन बार विचारलं त्यानं, लोणारात कोणी खातं उघडून राह्यलं, हे तुम्हीच आहात का म्हणून. मी त घरी बसली होती. मंग 'नाही'वर बोट ठेवलं. तूनंच त शिकवलं मले, आपण नसलो त नाही म्हणाचं."